पासंग

माझं काम वजनांचं.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटात गाळ्यागाळ्यांतून हिंडतो,
काटे तपासतो,
पाच किलोच्या लोखंडी मापाच्या बुडातलं शिसं बघतो,
शिक्का मारतो.
वीस वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं मला फसवलं नाही.
फसवलं ते मोरीशेजारच्या घरगुती काट्यानं,
आणि तो मीच विकत आणला होता.

निनादला किशोर गटातून खेळायचं होतं.
हरेश सर म्हणाले, दीड किलो जास्त भरतोय.
घणसोलीत जन्मलेल्याला कबड्डी काय ते सांगावं लागत नाही.
मी रोज सकाळी त्याला काट्यावर उभा करायचो,
आकडा उतरला की पाठीवर थाप.
स्पर्धा झाली. चषक कपाटावर गेला.
आकडा उतरतच राहिला.

आता किती, ते इथे लिहिणार नाही.
बेलापूरच्या डॉक्टरीणबाई त्याला पाठमोरा उभा करून वजन घेतात.
त्यानं बघायचं नाही, मीही नाही.
मी भिंतीवरचं कासवाचं चित्र बघतो.
दर सोमवारी तेच कासव.

जवळ्याच्या वासानं खेळ सोडून घरी धावणारा पोरगा,
त्याची रात्रीची अर्धी भाकरी
आता एक तास दहा मिनिटं चालते.
तो तिचे तुकडे करतो, तुकड्यांचे कण,
कागदी रुमालानं तूप टिपून घेतो.
म्हणायचं नाही: तुझ्या वयात आम्ही.
म्हणायचं नाही: आईसाठी एक घास.
म्हणायचं एवढंच: हे तुझं औषध, मी इथेच बसलोय.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यानं ताट भिरकावलं.
मी जिन्यात जाऊन लिफ्टचे मजले मोजत राहिलो.
उज्ज्वलानं फरशीवरचं कालवण पुसलं नाही,
आधी दुसरं ताट वाढलं.

चुलता म्हणाला, दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल.
काका, तो दोन महिने राहील,
तेच तर दुखणं आहे.
खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, किती छान बारीक झालाय,
आमच्याकडच्यालाही सांगा ना काय केलं ते.

धुवायच्या पँटच्या खिशात भाकरीचे तुकडे सापडले,
वाळून खडे झालेले.
सवयीनं मी ते तळहातावर जोखले.
ओरडलो नाही.
खोटं. ओरडलो.
मग त्याच्या बंद दाराबाहेर बसून माफी मागितली,
आतून काहीच आलं नाही, फक्त पंख्याचा आवाज.

बाई म्हणतात, ते निनाद बोलत नाही,
आजार त्याच्या तोंडून बोलतो.
हे मला चटकन पटलं.
काटा खोटा निघाला
म्हणून कुणी माल फेकून देत नाही.

रिकामी पारडीही कधी कधी सम राहत नाहीत.
मग हलक्या बाजूला काहीतरी बांधतात,
खडा, चिंधी, वाकवलेला खिळा.
पासंग म्हणतात त्याला.
कायद्यात बसत नाही, मी कित्येक जप्त केलेत.
आणि आता रोज रात्री साडेआठला
मीच असा लटकून बसतो
त्याच्या बाजूला.

काल शेवटचा तुकडा ताटात होता,
पावणेदहा वाजले होते.
म्हणाला, पप्पा, तू जेवलास?
नव्हतो जेवलो. किती दिवस त्याच्यासमोर
नुसता बसतोय, ध्यानातच आलं नव्हतं.
म्हणाला, मग वाढून घे ना.
असं एकट्यानं खायला लाज वाटते.

मी भाकरी घेतली. कालवण गार झालं होतं.
त्याचा तुकडा तसाच राहिला,
पण ताट त्यानं लोटलं नाही.
माझं होईपर्यंत बसून होता.